मदत हवी आहे: लोडेड टिपरचा गिअर घाटात पाडताना खरखर येते

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या साखळी गावचा, आधी पिकअप चालवायचो, आता दहा चाकी टिपरवर बसलोय, गिअरबॉक्स नऊ स्पीडचा, म्हणजे क्रॉलर (सगळ्यात हळू, जोराचा गिअर), मग लो मध्ये चार आणि हाय मध्ये चार, नॉबवर लो-हाय बदलायचा खटका आहे. सपाटीवर काय टेन्शन नाही, पण मोलेहून अनमोड घाट लोड घेऊन चढताना पाचवरून चारवर आणायचं म्हटलं की खटका खाली, क्लच, न्यूट्रल एवढ्यात गाडीचा दम जातो आणि गिअर खरखर करत बसतो, कधी बसतच नाही, मग मागची बस हॉर्न मारून डोकं खाते.

आमचा जुना ड्रायव्हर म्हणतो डबल क्लच मार, न्यूट्रलला क्लच सोडून थोडी रेस दे मग गिअर टाक. गॅरेजवाला म्हणतो सिंक्रो बॉक्सला (जो गिअरचा वेग आपोआप जुळवतो) त्याची गरजच नाही, क्लच नीट सुटत नसेल, अ‍ॅडजस्टमेंट बघ. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

तुम्ही किती आरपीएमला गिअर पाडता? वळणाच्या आधीच सरळ तीनवर आणलेला बरा का? आणि उतारावर लोड असताना एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावून कुठल्या गिअरला सोडता? चालवणाऱ्यांनीच सांगा प्लीज.