मान वळली पाहिजे ना भाऊ

सुपरहिरोच्या सिनेमांवरच्या चर्चेत वर एका भाऊनं लिहिलं की कॉस्च्युम काळा नि चिलखतासारखा जाड असला तरच हिरो खरा वाटते, लाल-निळे कपडे म्हंजे पोट्ट्यांचं काम. मला नाही पटत. जाड रबरानं काय होते ते १९८९ च्या बॅटमॅनमध्ये दिसतेच, मायकेल कीटनचा मुखवटा मानेसकट जोडलेला, बाजूला पाहाचं म्हटलं की आख्खं धड वळवा. २००८ च्या द डार्क नाइटमध्ये मुखवटा मानेपासून वेगळा केला तेव्हा कुठं मान मोकळी झाली.

आणि रंगाचं म्हणाल तर आमच्या गडचिरोलीतल्या वडसा भागात धान निघालं की झाडीपट्टीची, म्हंजे पूर्व विदर्भातली गावोगावची नाटकं सुरू होतात, रात्र-रात्र चालतात, माझे काका त्यांचे कपडे शिवतात. राजाच्या अंगरख्याला मनगटावर रुंद जरीपट्टी ते लावतातच, काहून की हात उचलला की ती लाइटमध्ये चमकते नि पार मागं बसलेल्या म्हातारीलाही समजते की तलवार निघाली. काखेत वेगळा चौकोनी तुकडा जोडतात, नाहीतर पहिल्याच वाराला शिवण उसवते. नुसता काळा कपडा मागच्या पडद्यात गडप होते, हे मी डोळ्यांनं पाहिलं आहे. ब्लॅक पँथर सिनेमातल्या हिरोचा सूटही काळाच आहे, पण त्याच्या कॉस्च्युम डिझायनर रूथ कार्टर बाईंनी त्यावर बारीक त्रिकोणांची उठावदार नक्षी ठेवली, म्हणून अंग हललं की उजेड त्यावर खेळते. २०१९ चं कॉस्च्युमचं ऑस्कर त्यांना मिळालं ते योग्यच होतं.