घानाच्या लीगचा २०२३-२४ चा हंगाम: लाकूड कारखान्याचे गाव विजेते कसे ठरले?

प्रश्न: वर्धाकाठचा गुरुजी

सर्वांना नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी गावातील मुलांना फुटबॉल शिकवतो. आमच्याकडे स्पर्धा म्हटली की ती बाद पद्धतीचीच असते. मागच्या प्रजासत्ताक दिनाच्या स्पर्धेला आमची मुले पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली, नऊ वाजता पहिलाच सामना एका गोलने हरली आणि परतीची सोय संध्याकाळची असल्यामुळे दिवसभर कडुनिंबाखाली, बूट उशाला घेऊन, दुसऱ्यांचे सामने पाहत बसली. वर्षभराच्या सरावानंतर त्यांच्या वाट्याला असे तीन-चारच सामने येतात.

काही महिन्यांपासून मी पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या प्रीमियर लीगबद्दल मिळेल ते वाचतो आहे. तेथे १८ संघ असून प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी एकदा स्वतःच्या आणि एकदा त्याच्या मैदानावर खेळतो. म्हणजे प्रत्येकाचे ३४ सामने आणि हंगामाचे एकूण ३०६. कुमासीचा असान्ते कोटोको आणि राजधानी आक्र्याचा हार्ट्स ऑफ ओक हे तेथील दोन जुने, मातब्बर क्लब. असे असूनही २०२३-२४ चे विजेतेपद एफसी सॅमार्टेक्स या संघाने मिळवले. हा संघ सॅमरेबोई नावाच्या, जंगलपट्ट्यातील एका लहान गावचा असून तो तेथील लाकूड आणि प्लायवुड बनवणाऱ्या कंपनीच्या आधाराने चालतो. वरच्या श्रेणीत आल्यानंतरचा हा त्याचा दुसराच हंगाम होता.

आमच्या परिसरातील आठ गावांची अशीच लीग सुरू करावी, असे मनात आहे. त्यापूर्वी जाणकारांना विचारतो की इतके लहान गाव ३४ सामन्यांच्या कसोटीत कशाच्या बळावर टिकले आणि आम्ही कोणत्या गोष्टीला जपले पाहिजे?

उत्तर: बल्लारशाहून, निवृत्त कामगार

गुरुजी, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. माझे सारे आयुष्य कारखान्याच्या वसाहतीत गेले, त्यामुळे सॅमरेबोईसारख्या गावाचे चित्र मला सहज डोळ्यांसमोर आणता येते. भोंगा झाला की पहिल्या पाळीची माणसे घरी न जाता थेट मैदानाच्या कडेला सायकली लावून उभी राहतात, आणि खेळणारा पोरगा कोणाचा हे प्रत्येकाला ठाऊक असते. खेळाडूला राहायला खोली, पोटापाण्याची हमी आणि सरावासाठी बारमाही मैदान एवढे मिळाले की अर्धी लढाई तेथेच जिंकली जाते.

मात्र एक दुरुस्ती सुचवतो. सॅमार्टेक्सचे यश आभाळातून पडलेले नाही. २००९-१० मध्ये डोर्मा अहेन्क्रो या गावचा अदुआना स्टार्स वरच्या श्रेणीतील आपल्या पहिल्याच हंगामात विजेता झाला होता आणि त्याच्या पुढच्याच वर्षी बेरेकुम चेल्सीने मान मिळवला. २०१६ मध्ये वायव्येकडील वा या शहराचा संघ जिंकला आणि २०१७ मध्ये पुन्हा अदुआना. अलीकडची यादी तर याहून बोलकी आहे. २०२०-२१ मध्ये हार्ट्स आणि २०२१-२२ मध्ये कोटोको हे मातब्बर जिंकले खरे, परंतु त्यानंतर २०२२-२३ ला टार्क्वाचा मेडेआमा, मग सॅमार्टेक्स आणि २०२४-२५ ला बिबियानीचा गोल्डस्टार्स असे तिघेही आयुष्यात प्रथमच विजेते ठरले. टार्क्वा आणि बिबियानी ही दोन्ही सोन्याच्या खाणींची गावे. आपल्या घुग्घुस, सास्तीकडच्या कोळसापट्ट्यातील माणसाला हे वाचून आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही.

याचे कारण माझ्या मते लीगच्या रचनेतच आहे. बाद स्पर्धेत मोठ्या संघाला एक दिवस चांगला खेळ पुरतो. लीगमध्ये मात्र राजधानीच्या संघाला १७ वेळा परगावी जावे लागते, खड्ड्यांच्या रस्त्याने तासन्‌तास बसमध्ये बसून, अनोळखी मैदानावर आणि समोरच्या सगळ्या गावाच्या आरोळ्यांत खेळावे लागते. स्वतःच्या मैदानावर सहसा न हरणारे गाव अशा हंगामात वर येतेच. म्हणून तुमच्या आठही गावांचे सामने तालुक्याच्या एकाच मैदानावर घेण्याची सोय पाहू नका. प्रत्येक गावाला आपल्या मातीवर पाहुणे बोलावण्याचा हक्क मिळाला पाहिजे.

जाता जाता एक गोष्ट. कोटोको म्हणजे त्यांच्या भाषेत साळिंदर. ‘हजार मारा, आणखी हजार येतील’ अशा अर्थाचे त्या क्लबचे वचन आहे. आपल्या शेतात रात्री शिरणारे साळिंदर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या नावाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

उत्तर: कामठीचा पंच

वरील काकांचे म्हणणे पटते. तथापि गुरुजींनी ‘काय जपावे’ असे विचारले आहे आणि त्याचे उत्तर घानाच्याच अनुभवात आहे. जून २०१८ मध्ये शोधपत्रकार अनस अरेमेयाव अनस यांनी गुप्तपणे केलेले चित्रीकरण लोकांसमोर आले. त्यात सामन्यांचे पंच रोख रक्कम स्वीकारताना दिसत होते आणि देशाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्षही त्यातून सुटले नव्हते. अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला, चालू हंगाम अर्धवट सोडून द्यावा लागला आणि फिफाने कारभारासाठी तात्पुरती समिती नेमली. नियमित लीग पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०१९ उजाडला, आणि तोही हंगाम कोरोनामुळे रद्द झाला. म्हणजे सलग दोन हंगामांना विजेताच नाही. ज्या खेळाडूचे उमेदीचे वय त्या काळात निघून गेले, त्याचे नुकसान कोणीही भरून देऊ शकत नाही.

दुसरा प्रसंग मी प्रत्येक नव्या पंचाला सांगतो. १७ जुलै २०२१ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, ओबुआसी या खाणीच्या गावी अशान्ती गोल्ड आणि इंटर अलाइज यांचा सामना होता. अशान्ती गोल्डकडे ५ गोलांची आघाडी असताना इंटर अलाइजचा बदली बचावपटू हाशमिन मुसा मैदानात उतरला आणि त्याने चेंडू जाणूनबुजून दोनदा आपल्याच जाळ्यात मारला. निकाल ७-० लागला. सामना ५-१ असा सुटेल अशी पैज लागल्याचे आपल्या कानावर आले होते आणि ती पैज मोडण्यासाठीच आपण हे केले, असे त्याने नंतर सांगितले. चौकशी होऊन २०२२ मध्ये दोन्ही क्लबना दोन पायऱ्या खाली, तिसऱ्या श्रेणीत पाठवण्यात आले. अशान्ती गोल्ड हा चार वेळचा विजेता होता, हे लक्षात घ्या. स्वतःच्याच जाळ्यात गोल मारण्याची वेळ एका खेळाडूवर यावी, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

त्यामुळे गुरुजी, तुमच्या लीगमध्ये यजमान गावाचा माणूस पंच असू नये आणि पंचाच्या जेवणाचा, प्रवासाचा खर्च यजमानाने न करता सर्व गावांच्या सामाईक वर्गणीतून व्हावा. मी स्वतः गावोगावी सामने चालवले आहेत. ज्याच्या घरी दुपारी वडाभात खाल्ला, त्याच्या विरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी देताना शिट्टीपर्यंत हात जड होतो.

गुरुजींचे उत्तर

काका आणि पंचसाहेब, आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. सामाईक वर्गणीची सूचना मी आठही गावांच्या बैठकीत मांडतो. अडचण दिवसांची आहे. दोन्ही फेऱ्या खेळायच्या तर एकूण ५६ सामने होतात आणि दिवाळीनंतर मोठी मुले कापूस वेचणीला जातात.

उत्तर: मूल तालुक्यातून, एका खेळाडूची आई

नमस्कार गुरुजी. आमच्याकडे धानाची कापणी आणि चुरणे यांतही मुलांचे हात लागतात, म्हणून तुमची अडचण समजते. पहिल्या वर्षी एकच फेरी घ्यावी. त्यात २८ सामने होतील, प्रत्येक संघाला सात सामने मिळतील आणि दर रविवारी चार गावांत एकेक सामना ठेवला तर सात रविवारांत सारे उरकेल. कोणाच्या वाट्याला घरचे तीन सामने येतील, कोणाच्या वाट्याला चार. ते चिठ्ठी टाकून ठरवा आणि दुसऱ्या वर्षी उलट करा. जानेवारीच्या शेवटी सुरुवात केलीत तर वेचणीचा जोर ओसरलेला असतो आणि उन्हाचा तडाखाही सुरू झालेला नसतो.

एक विनंती आहे. पहिले तीन सामने हरलेल्या गावानेही उरलेले चार खेळलेच पाहिजेत, हे आधीच लिहून घ्या. माझा मुलगा गोलरक्षक आहे. मागच्या वर्षी त्याला सबंध हंगामात दोनच सामने मिळाले. दुसऱ्या सामन्याला पावसाने मैदानाचा गारा झाला होता, आणि घरी आल्यावर हातमोज्यांतली काळी माती काढता काढता तो मला म्हणाला, ‘आई, पुढचा सामना कधी?’ तेव्हा माझ्याजवळ तारीख नव्हती.