अनुभव धागा: घरातल्या मोठ्यांना बघून मुलं प्रभूच्या वाटेवर कशी आली?

नगरकरीण:
लेकाला वाढदिवसाला मामाने 500 दिले. पन्नास काढून डब्यात टाकले, रविवारी चर्चला द्यायचे म्हणे. मी काहीच सांगितलं नव्हतं. वडील आठवले. पगार झाला की किराण्याच्या आधी दशांशाचं, म्हणजे चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्शाचं पाकीट. महिनाअखेरी आई कुरकुरायची, पाकिटाला हात नाही. आम्हाला त्यावर कधी भाषण दिलं नाही. तुमच्याकडचं लिहा.

वसईची पोर:
आजी!! संध्याकाळी सात वाजले की रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. मालिका रंगात आलेली असो, टीव्ही बंद. कुणी आलं नाही तर एकटीच गुडघे टेकून म्हणायची, हाक मारायची नाही. ते बघवायचं नाही, मग आम्ही जायचोच.

कोपऱ्यातला बाक:
आमचे चिरंजीव शब्बाथशाळेत (चर्चच्या मुलांच्या वर्गात) बोलले, "पप्पा चर्चमध्ये शांत असतात, पार्किंगमध्ये नाही." पाळकसाहेब अजून हसतात 🙈

नगरकरीण:
😂😂

श्रीरामपूरकर:
आई हरेगावला मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला पायी न्यायची. वाटेत आपल्या डब्यातली भाकरी कुणालाही द्यायची, जात-धर्म न विचारता. मला राग यायचा, भूक लागलेली असायची ना. आता माझी मुलगी डबा वाटून येते आणि घरी येऊन खायला मागते. सप्टेंबरात कोण येतंय यात्रेला?

शाळामास्तर:
थोडं कडू लिहितो. बापलोक बायबलमधलं इफिस 6:1 पाठ म्हणतात, आईबापांच्या आज्ञेत राहा. चौथं वचन, बापांनी मुलांना चिडीस आणू नये, ते कुणी वाचत नाही. आमच्या घरी वचन चुकलं की छडी. भाऊ चर्चमधून सुटला तो सुटलाच. मी टिकलो ते आईमुळे, ती भांडी घासताना ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणायची.

वसईची पोर:
मास्तर, वाईट वाटलं वाचून. भाऊ बोलतो का घरी?

शाळामास्तर:
बोलतो. नाताळला जेवायला येतो, भक्तीला नाही. मी आग्रह करत नाही.

कोपऱ्यातला बाक:
उपवासकाळात मटण बंद, तर आमचा धाकटा म्हणतो अंडं शाकाहारी आहे. काय उत्तर द्यावं?

नगरकरीण:
अंडं दे आणि गप्प बस. @वसईची पोर, नाताळच्या फुग्यांचं (तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं) प्रमाण टाकणार होतीस ना? ताडी घालतेस की यीस्ट?

वसईची पोर:
ताडी कुठली आता, यीस्टच. कुकर लागलाय, रात्री टाकते.