मदत हवी आहे: पीएलए-पीबॅट फिल्म उभी फाटते

नमस्कार मंडळी,

कंपोस्टेबल पिशव्यांसाठी पीएलए (कडक, कुजणारं प्लास्टिक) आणि पीबॅट (लवचिक, कुजणारं प्लास्टिक) ३०:७० प्रमाणात ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरवर (वितळवून मिसळणारं दोन स्क्रूंचं यंत्र) मिसळून ब्लोन फिल्म, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक हवेने फुग्यासारखं फुगवून केलेली पातळ फिल्म, काढतोय. ताणून पाहिली तर ताकद ठीक आहे, पण कडेला नख लागलं की मशीनच्या दिशेने (फिल्म ज्या दिशेने ओढली जाते तिकडे) सरळ चीर जाते. भाजीची जुडी टाकली तरी पिशवी उसवते.

माझा अंदाज असा की दोन्ही पॉलिमर एकमेकांत विरघळत नाहीत. पीएलएचे कण फुग्याच्या ओढीने लांब तंतूंसारखे होतात आणि पीबॅटशी त्यांची पकड कमी, म्हणून चीर त्याच रेषेने धावते. ०.५ टक्के इपॉक्सीयुक्त चेन एक्स्टेंडर (पॉलिमरच्या साखळ्या जोडून लांब करणारं रसायन) घातल्यावर फुगा स्थिर झाला, फाटण्यात मात्र फारसा फरक नाही. मात्रा वाढवली तर फिल्ममध्ये जेलचे डोळे (न वितळणाऱ्या बारीक गाठी) दिसतात.

दाणे आधी नीट वाळवतो. ओलाव्याने पीएलएची साखळी तुटते, त्यामुळे तिथे तडजोड नाही.

आता प्रश्न. थोडं पेरॉक्साइड वापरून एक्स्ट्रूडरमध्येच दोघांना जोडणं बरं, की मलेइक अनहायड्राइड (दोन्हींची पकड वाढवण्यासाठीचं रसायन) जोडलेलं पीएलए? कोणी दोन्ही करून पाहिलंय का? आणि ब्लो-अप रेशो (फुग्याचा व्यास भागिले डायचा, म्हणजे प्लास्टिक बाहेर पडणाऱ्या गोल तोंडाचा, व्यास) वाढवून आडवी ओढ दिली तर हा त्रास कमी होतो का? माझा सध्या २ च्या आसपास आहे.

ईव्हीएसारखं (एक लवचिक प्लास्टिक) न कुजणारं काही सुचवू नका. आयएस/आयएसओ १७०८८ (कंपोस्टेबल प्लास्टिकचं मानक) ची चाचणी पार करायची आहे.