रिचमंडची वारी: बंदूकवाले, लाल टी-शर्टवाल्या आणि आपण

ॲशबर्नकर
गेल्या शनिवारी एका वाढदिवसाच्या जेवणात बोलता बोलता सांगून गेलो, की दर जानेवारीत मी सुट्टी टाकून व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला, आमदारांना भेटायला जातो. "वा, छान!" झालं. कशासाठी जातो ते सांगितलं आणि टेबलावर शांतता पसरली. एकीने तर श्रीखंडाची वाटीही बाजूला ठेवली. तो अर्धवट राहिलेला वाद इथे पुरा करू.

मी व्हर्जिनियात राहतो, बंदूक बाळगतो आणि तो हक्क कमी होऊ नये म्हणून खटपट करणाऱ्यांपैकी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इथल्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात व्हर्जिनिया बीचला सरकारी इमारतीत गोळीबार होऊन १२ माणसं गेली होती. त्यामुळे बंदुकांचे कायदे कडक होणार हे उघड होतं. पुढच्या काही आठवड्यांत कौंट्यांच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्यांच्या) सभागृहांत माणसं मावेनात. शंभराहून अधिक कौंट्या, शहरं आणि गावांनी ठराव केले, की घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीविरुद्धचे (म्हणजे शस्त्र बाळगायच्या हक्काविरुद्धचे) कायदे आम्हाला मान्य नाहीत. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याने, सांगितलं, या ठरावांना कायद्याने काही किंमत नाही. खरंच नव्हती. पण ज्याला पुढच्या वेळी पुन्हा मतं मागायची आहेत, त्याला ती किंमत बरोबर कळते.

मग २० जानेवारी २०२०. मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. 'व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग' ही बंदूकवाल्यांची संघटना दरवर्षी त्या दिवशी आमदारभेटी ठेवते. त्या वर्षी सुमारे २२ हजार लोक आले. पोलिसांच्या अंदाजाने सहा हजार कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, आवारात शस्त्राविना आणि बाकीचे बाहेर रस्त्यावर, बरेचसे खांद्याला रायफल लावून. थंडी कडाक्याची. कुठे काच फुटली नाही. टीव्हीने तेवढंच दाखवलं, पण खरं काम उपसमितीच्या खोलीत चालतं. तिथे तुम्हाला जेमतेम एक-दोन मिनिटं मिळतात. ती एक-दोन मिनिटं बोलायला लोक पहाटे चारला उठून तीन-तीन तास गाडी हाकत येतात. फेब्रुवारीत सेमी-ऑटोमॅटिक रायफलींच्या विक्रीवर बंदी आणणारं विधेयक सिनेटच्या समितीत १० विरुद्ध ५ मतांनी पुढे ढकललं गेलं. चार डेमोक्रॅट त्या दहांत होते. माझ्या मते हे रायफलींनी झालं नाही, फोन आणि चिठ्ठ्यांनी झालं.

आता बोला.

लाल_टीशर्टवाली
बोलते. मी फेअरफॅक्सला असते आणि मीही रिचमंडला जाते, 'मॉम्स डिमांड ॲक्शन'बरोबर, बंदुकांचे कायदे कडक करा म्हणणारी लाल टी-शर्टवाली संघटना. त्यामुळे एक-दोन मिनिटांचं मोल मला शिकवू नका, ती दोन्ही बाजूंना सारखीच मिळतात.

पण त्या सोमवारचं तुमचं वर्णन म्हणजे जत्रेचं वर्णन झालं. बंदूकबळींसाठी दरवर्षी त्याच दिवशी भरणारी श्रद्धांजली सभा त्या वर्षी धमक्यांमुळे रद्द झाली. हे का नाही लिहिलं? गव्हर्नर नॉर्दम यांनी आणीबाणी लावली ती हौसेने नव्हे. आधीच्याच आठवड्यात एफबीआयने 'द बेस' या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीतले संशयित पकडले होते. २०१७ चं शार्लट्सव्हिल, म्हणजे गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा तो हिंसक मेळावा, विसरायला अजून तीन वर्षंही झाली नव्हती. काच फुटली नाही म्हणून दहशत नव्हती असं होत नाही. बावीस हजारांपैकी हजारो लोक रायफल घेऊन दारात उभे असताना आतल्या आमदाराने मोकळ्या मनाने मत द्यायचं?

ॲशबर्नकर
श्रद्धांजली सभेचं लिहायला हवं होतं, चुकलं. रायफल घेऊन येणारे मला स्वतःलाही आवडत नाहीत. आमच्यातलेच कित्येक म्हणत होते, बाबांनो, कोट-टाय घालून या. पण आमदार घाबरले म्हणता, तर त्याच अधिवेशनात बाकीचे कायदे कसे झाले? प्रत्येक विक्रीला बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी), महिन्याला एकच पिस्तूल, चोरीला गेलेल्या बंदुकीची ४८ तासांत वर्दी, रेड फ्लॅग (धोकादायक वाटणाऱ्याची बंदूक तात्पुरती काढून घेणं), सगळं एप्रिलमध्ये मंजूर झालं. दहशतीत असलेली सभागृहं असं वागतात?

दगडफूल
ब्लॅक्सबर्गला शिकलो आहे, म्हणून राहवत नाही. १६ एप्रिल २००७ ला तिथल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण गोळीबारात मारले गेले. त्यांत आपली मुंबईची एक विद्यार्थिनीही होती. त्या दिवसाचं उदाहरण दोन्ही बाजू देतात, आणि दोघांनाही त्यात आपल्याला हवं ते सापडतं.

बंदूकवाले म्हणतात, परवानाधारकाला कॅम्पसवर शस्त्र नेऊ द्या असं विधेयक २००६ मध्ये आलं आणि उपसमितीतच मेलं, ते झालं असतं तर कुणीतरी उलटा वार केला असता. दुसरी बाजू म्हणते, मारेकऱ्याला डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीशाने स्वतःसाठी धोकादायक ठरवून उपचार घ्यायला सांगितलं होतं, तरी दुकानातल्या तपासणीत तो पास झाला, कारण ती नोंद तिथवर पोचलीच नव्हती. आणखी एक. त्याने दोन पिस्तुलं महिनाभराच्या अंतराने घेतली, कारण तेव्हा महिन्याला एकाचीच मुभा होती. म्हणजे कायदा पाळून घेतली! आता या एका गोष्टीवरून 'असले कायदे फुसके' म्हणायचं की 'निदान महिनाभर तरी थांबावं लागलं' म्हणायचं? मी सतरा वर्षं दोन्ही म्हणून पाहिलं आहे.

वऱ्हाडी वकील
अमेरिकेतल्या भांडणात मी पडत नाही, पण स्वसंरक्षण म्हणजे बंदूक असं धरून चालला आहात ते खटकलं. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क सांगतात. घरफोडी, बलात्कार, अपहरण अशा प्रसंगी तो पार जीव घेण्यापर्यंतही जातो. हक्क आहे, हत्यार मात्र परवान्याशिवाय नाही. तुमच्या व्हर्जिनियात काय?

ॲशबर्नकर
वकीलसाहेब, इथे गंमत अशी की फ्लोरिडाने २००५ मध्ये केला तसा 'स्टँड युअर ग्राउंड'चा (मागे न हटता प्रतिकार करायची मुभा देणारा) लेखी कायदा नाही. न्यायालयांच्या जुन्या निवाड्यांवर सगळं चालतं. भांडणात तुमची काहीच चूक नसेल तर मागे हटायची सक्ती नाही. सुरुवात तुमची असेल तर मात्र शक्य तितकं मागे हटावं लागतं. मला हे बरं वाटतं. पण हत्याराविना हक्क म्हणजे पोहायची परवानगी आणि विहिरीला कुलूप. इंग्रजांनी हिंदुस्थानात परवान्याशिवाय हत्यार बंद करणारा १८७८ चा आर्म्स ॲक्ट आठवा, आपली काँग्रेस सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव करत होती. गांधीजींनीही १९१८ मध्ये एका पत्रकात त्याला इंग्रजी राज्याचं सर्वांत काळं कृत्य म्हटलं होतं.

तिखटमीठ
आलेच गांधीजी! ते पत्रक खेड्यातली तरुण पोरं इंग्रजांच्या फौजेत भरती व्हावीत म्हणून होतं हो. हत्यार हवं तर फौजेत या, असा त्याचा मतलब. तुमच्या सभेच्या फलकावर लावण्याआधी पूर्ण वाचा.

लाल_टीशर्टवाली
आणि विहिरीची उपमा उलटीच पडते. विहिरीला कठडा का बांधतात? घरातलीच माणसं पडतात म्हणून. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं गेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. चोर-दरोडेखोर राहिले बाजूला.

स्वसंरक्षणासाठी बंदूक किती वेळा कामी येते, याचे आकडे वर्षाला साठ-सत्तर हजारांपासून पंचवीस लाखांपर्यंत ताणले जातात. इतका फरक असेल तर त्यावर कायदा कसा उभा करणार? उलट रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने सगळे अभ्यास चाळून जे म्हटलं ते बऱ्यापैकी ठाम आहे. 'स्टँड युअर ग्राउंड' कायद्यांनी बंदुकीने होणारे खून वाढतात, आणि मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून केलेल्या कायद्यांनी तरुण मुलांच्या आत्महत्या कमी होतात.

ॲशबर्नकर
आत्महत्यांचा मुद्दा मला टाळता येत नाही, टाळणारही नाही. आमच्या सभांमध्ये तो कुणी काढत नाही ही आमची उणीव आहे. पण उपाय म्हणून रेड फ्लॅग आणला, त्यात मला अजून शंका आहे. अर्ज पोलीस किंवा सरकारी वकिलाने करायचा, तातडीचा हुकूम चौदा दिवसांचा, आणि ज्याची बंदूक जायची तो त्या पहिल्या पायरीला हजरही नसतो.

लाल_टीशर्टवाली
चौदा दिवसांनी सुनावणी होतेच की, आणि पुढचा हुकूम १८० दिवसांचा. चौदा दिवस बंदूक नसल्याने कुणाचं काय बिघडतं? असल्याने काय होऊ शकतं ते वर लिहिलंच आहे.

हिंजवडी ते हर्नडन
मध्येच विचारतो, माफ करा. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. रात्री उशिरा घरी येतो. मला घेता येईल का?

ॲशबर्नकर
साधारणपणे नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला केंद्रीय कायद्यानेच बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर व्हिसा पणाला लावू नका, आधी वकील गाठा. ग्रीन कार्ड असेल तर घेता येते.

दगडफूल
हे ऐकून मला नेहमी हसू येतं. व्हिसावरची आपली मंडळी पार्टीत या विषयावर सगळ्यांत मोठ्याने बोलतात, दोन्ही बाजूंनी. मत देता येत नाही, बंदूक घेता येत नाही. आणि ज्यांना देता येतं त्यांतले किती जण प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाला, जातात?

लाल_टीशर्टवाली
ते खरं आहे. २०१९ ला हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी रिचमंडच्या उपनगरातून सिनेटवर गेल्या. ती जागा रिपब्लिकनांकडून डेमोक्रॅटकडे पलटणं मोठं होतं. तेव्हा दारोदार फिरताना आपल्या लोकांच्या दारांवर मी सगळ्यांत जास्त वेळा "आम्ही राजकारणात पडत नाही" ऐकलं.

ॲशबर्नकर, एक सरळ विचारते, वाद म्हणून नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. मित्रांकडे खेळायला पाठवताना मी त्या घरी विचारते, तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात आहे का. तुम्हाला कुणी असं विचारलं तर राग येतो?

ॲशबर्नकर
नाही येत. बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी आहे, बेडरूममध्ये, भिंतीला बोल्टने आवळलेली. जास्तीच्या गोळ्या वेगळ्या कपाटात. त्या कपाटाची किल्ली कुठे असते ते बायकोला आणि मलाच माहीत.

गेल्या बारा वर्षांत आमच्या घरी मुलांच्या किती पार्ट्या झाल्या असतील. एका अमेरिकन शेजारणीने विचारलं होतं. आपल्या मराठी पालकांपैकी आजवर एकानेही नाही.