शेतातील रोबोट आणि लॅपटॉप यांच्यात दोन राऊटरची बिनतारी जोडणी : कोणते राऊटर घ्यावेत?

धुऱ्यावरचा_लॅपटॉप (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. आम्ही पदविका अभियांत्रिकीचे विद्यार्थी असून कपाशीच्या दोन ओळींमधून चालत पानांची व बोंडांची छायाचित्रे घेणारा चारचाकी रोबोट तयार करीत आहोत. रोबोटवर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसते ‘पाय’) आहे, त्यावर रॉस २ ही रोबोट चालविण्याची सॉफ्टवेअर प्रणाली चालते आणि लॅपटॉप धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) असतो. दोन्हींचे अंगचे वाय-फाय थेट जोडले तर थोड्याच अंतरावर चित्र अडखळू लागते, आणि मध्ये तुरीची ओळ आली की संपर्कच तुटतो. म्हणून एक राऊटर धुऱ्यावर व दुसरा रोबोटवर ठेवावा असा विचार आहे. अंतर जास्तीत जास्त दीडशे मीटर; इंटरनेटची गरज नाही. घरातील जुने राऊटर चालतील की नवीन घ्यावेत?

तारजोड्या (अकोला)

अंतराचा विचार नंतर करा. रोबोटवरील राऊटर कोणत्या पद्धतीने काम करणार हे आधी ठरवा, कारण बहुतेकांचे घोडे नेमके तेथेच पेंड खाते. घरगुती राऊटरमध्ये ‘डब्ल्यूआयएसपी’ नावाची जी सोय असते, तीत दुसरा राऊटर आपल्यामागील सर्व उपकरणे एकाच पत्त्याआड लपवितो. मग पायवरून लॅपटॉपला पिंग (संपर्क तपासणारा संदेश) व्यवस्थित जाते, पण लॅपटॉपवरून पाय दिसत नाही. रॉस २ मधील नोड (लहान लहान प्रोग्राम) एकमेकांना मल्टिकास्टने, म्हणजे जाळ्यातील सर्वांना एकदम हाक देऊन, शोधतात आणि तो शोध या आडोशापलीकडे पोहोचत नाही, त्यामुळे सिग्नलच्या सर्व काड्या भरलेल्या असूनही एकही टॉपिक (माहितीचा प्रवाह) दिसत नाही व दोष विनाकारण अँटेनाला दिला जातो.

तुम्हांला हवा आहे तो खरा ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजू एकाच जाळ्यात असल्यासारखी जोडणी. त्यासाठी दोन्ही राऊटरवर डब्ल्यूडीएस (राऊटरांना बिनतारी ब्रिजने जोडणारी सोय) चालले पाहिजे, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या राऊटरमध्ये त्याचे जमेलच असे नाही. म्हणून एकाच मॉडेलची जोडी घ्या आणि ते ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरसाठीच्या मुक्त प्रणालीवर चालणारे असावे. जुने राऊटर वापरायचे असतील तर तळाच्या चिठ्ठीवरील आवृत्ती क्रमांक जरूर पाहा. नाव तेच राहते, पण आतली चिप बदललेली असते. नवीन घ्यायचे झाल्यास जीएल-आयनेटचा एआर३००एम१६ एक्स्ट सुचवीन. त्यात ओपनडब्ल्यूआरटीवर आधारित प्रणाली आधीपासून असते, बाहेरचे अँटेना आहेत आणि तो ५ व्होल्टवर चालतो.

दोन्ही राऊटर डब्यातून निघताना १९२.१६८.८.१ हाच पत्ता घेऊन येतात, म्हणून रोबोटवरील राऊटरचा पत्ता जोडणीपूर्वीच बदलून शेवटचा आकडा २ करा व त्यावरील डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा. पाय व लॅपटॉप यांना कायमचे पत्ते द्या, दोघांनाही आपापल्या राऊटरला लॅन केबलने जोडा आणि त्यांचे अंगचे वाय-फाय बंद ठेवा.

मचाणावरून (वरूड)

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण तुरीचा प्रश्न त्याने सुटणार नाही. दीडशे मीटरच्या टप्प्यात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना मध्यभागी सरळ रेषेच्या भोवती सुमारे २.२ मीटर त्रिज्येची जागा लागते. ती पूर्ण मोकळी मिळणे शेतात अवघड आहे, तरी निम्म्याहून अधिक मोकळी असेल असे पाहावे. धुऱ्यावरील राऊटर पंधरा फुटी बांबूवर चढवा, आणि रोबोटवर पीव्हीसी पाइप उभा करून अँटेना माणसाच्या छातीइतक्या उंचीवर न्या. पाऊस पडून गेल्यावर ओली पाने सिग्नल अधिक शोषतात, तेव्हा चाचणी कोरड्या दिवशी केली असेल तर तिच्यावर विसंबू नका.

अँटेना दोन्हीकडे उभेच ठेवा. ते रोबोटच्या दिशेने रोखण्याचा मोह होतो, पण काडीच्या टोकाकडेच प्रसारण सर्वांत दुबळे असते. ५ गिगाहर्ट्झच्या वाटेला जाऊ नका, कारण पानांतून तो आणखी लवकर क्षीण होतो. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक निश्चित करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. परवान्याची चिंता नको. २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तिमर्यादेत विनापरवाना खुला आहे.

फवारणीवाला (मूर्तिजापूर)

वीजपुरवठ्याविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. रोबोटचे चाक ढेकळात अडकून मोटर जोर लावते तेव्हा बॅटरीचा दाब क्षणभर पडतो, राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तोवर आपण रेंज गेली असे समजून बसतो. राऊटरला मोटरपासून वेगळी बॅटरी द्या. धुऱ्यावर तर गावात घरोघरी असलेली फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी उत्तम चालते. मध्ये फक्त ५ व्होल्टचा कन्व्हर्टर लावावा लागेल.

आणि राऊटर कोणताही घ्या, अर्धा सेकंद आदेश आला नाही की मोटर थांबलीच पाहिजे, अशी तजवीज पायवरच करा. संपर्क तुटल्यावर शेवटचाच आदेश पाळत रोबोट विहिरीच्या दिशेने गेला तर तो डब्ल्यूडीएसने परत येणार नाही.

धुऱ्यावरचा_लॅपटॉप (दारव्हा, जि. यवतमाळ)

सर्वांचे आभार. एकाच मॉडेलची जोडी घेत आहोत. एक शंका उरते : सध्या कॅमेऱ्याचे चित्र ६४० गुणिले ४८० या आकारात, सेकंदाला ३० प्रमाणे, न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवितो. ते या जोडणीवर चालेल काय?

तारजोड्या (अकोला)

नाही. तो हिशेब सेकंदाला सुमारे २२१ मेगाबिट होतो, आणि या राऊटरचा लॅन पोर्टच १०० मेगाबिटचा आहे. पायवरच एच.२६४ या व्हिडिओ लहान करण्याच्या पद्धतीने दाबून पाठविले तर एक-दोन मेगाबिटांत काम भागते. बोंडअळी ओळखण्यासाठी लागणारी मोठी छायाचित्रे पायच्या मेमरी कार्डावरच साठवा. लॅपटॉपवर फक्त वाट दिसण्यापुरते लहान चित्र आणा. रॉस २ मध्ये त्या चित्राच्या टॉपिकला ‘बेस्ट एफर्ट’ ठेवा, म्हणजे हरवलेली चौकट पुन्हा मागविण्यात चालविण्याचे आदेश खोळंबणार नाहीत.