विषय: आईचा अपघात, नवले पूल – क्लेममध्ये शेजारच्या काकांचं नाव घालायचं का?

मेघना, मंगळवार, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी,

आईचं सगळ्यांना माहीत आहेच. शेजारच्या काकांच्या गाडीतून जाताना नवले पुलाजवळ टेम्पोने मागून ठोकलं. मांडीत रॉड आहे, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. तुम्ही सगळ्यांनी विचारपूस केलीत, एकेकाला उत्तर द्यायला जमलं नाही, राग मानू नका.

आज घाईचं काम आहे. काल टेम्पोच्या विमा कंपनीकडून एक गृहस्थ धायरीच्या घरी आले होते. अडीच लाखांच्या कागदावर सही करा म्हणाले. दादा म्हणतो, सही करून मोकळे होऊ. पण नुसतं हॉस्पिटलचं बिलच चार लाख वीस हजार झालंय. त्यात शेजारच्या काकू म्हणतात, त्यांच्या गाडीला "फक्त थर्ड पार्टी" आहे. मी धरून चालले होते की गाडीत बसलेला माणूस आपोआप कव्हर असतो. भारतात तसं नसतं का?

ते गृहस्थ शुक्रवारी परत येणार आहेत. सुनीलकाका, वैदेही, सांगा ना.

मेघना

सुनीलकाका, मंगळवार, सकाळी ९:०५

मेघना, सही अजिबात करू द्यायची नाही. दादाला आत्ता फोन कर.

आणि घाई कसली? तीन वर्षं असतात. इथे ब्रिटनमध्ये एम-६ वर मला मागून ठोकलं तेव्हा मी दोन वर्षांनी क्लेम लावला होता आणि पूर्ण पैसे मिळाले. थर्ड पार्टीचं म्हणशील तर पहिला मालक, दुसरी कंपनी आणि तिसरी तुझी आई. म्हणजे आई थर्ड पार्टीच झाली. काकूंना सांग, काळजी करू नका.

सुनीलकाका

वैदेही, मंगळवार, दुपारी १:२०

मेघना, सुनीलकाकांचं पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर. बाकीचं इथलं आहे, पुण्याला लागू होत नाही. मी इकडे येण्याआधी अकरा वर्षं शिवाजीनगरला विमा कंपनीत मोटर क्लेमच बघितले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मुदत. तीन वर्षं ब्रिटनमध्ये. भारतात मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिने केले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. आईचा अपघात १६ जानेवारीचा, म्हणजे १६ जुलैच्या आत अर्ज शिवाजीनगर कोर्टात, मोटार अपघात न्यायाधिकरणात पडला पाहिजे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर एक दिवसही घालवू नका.

आता अडीच लाख. हा कलम १६४ चा आकडा आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला मिळणारी ठरावीक रक्कम, मृत्यू असेल तर पाच लाख. ती एकदा स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायचा, मोठा अर्ज संपतो. त्या गृहस्थांनी हे सांगितलं का? ज्याला आज कर्ज फेडायचंय आणि ज्याची दुखापत महिन्याभरात भरून येणार आहे, त्याने अडीच लाख घ्यावेत, काही हरकत नाही. चौसष्ट वर्षांच्या, मांडीत रॉड असलेल्या आणि रोज बावीस डबे करणाऱ्या बाईने घेऊ नयेत.

आणि थर्ड पार्टी. काका, तुमची मोजणी मला मनापासून पटते, पण खाजगी गाडीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाला पटलेली नाही. नुसती कायद्यापुरती पॉलिसी असेल, ज्याला आम्ही ॲक्ट ओन्ली म्हणायचो, तर फुकट नेलेला प्रवासी त्यात येत नाही. २००६ मध्ये दुचाकीवर मागे बसलेल्याच्या बाबतीत हेच झालं. पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा असेल, तर मात्र गाडीतली माणसं येतात. विमा नियामकाने २००९ च्या परिपत्रकात ते कंपन्यांना बजावलं आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. ब्रिटनमध्ये प्रवाशाचा विमा सक्तीचाच आहे, त्यामुळे आपल्याला इथे बसून हा फरक सुचतच नाही.

म्हणून काकूंच्या बोलण्यावर जाऊ नका. पॉलिसीचा कागद मागवा. "ओन डॅमेज"च्या रकान्यात प्रीमियमचा आकडा असेल तर पॅकेज. कागद सापडत नसेल तर गाडीच्या नंबरवरून सरकारच्या एम-परिवहन ॲपवर कंपनीचं नाव आणि मुदत तरी कळेल.

वैदेही

प्रशांत (सचिव), मंगळवार, दुपारी ३:१०

सर्वांना नमस्कार.

मेघनाच्या आईंना लवकर बरं वाटो. एक विनंती. ही लिस्ट मंडळाच्या नावाने जाते. कायदेशीर सल्ला मंडळाने दिला असा समज व्हायला नको, हे पाडव्याच्या सभेत ठरलं आहे. अशा गोष्टींसाठी सहाय्य समिती आहे, समन्वयकांना लिहावं. वैदेहींनी लिहिलेलं त्यांचं वैयक्तिक मत आहे.

प्रशांत

वैदेही, मंगळवार, दुपारी ३:३५

हो, वैयक्तिकच. पण समिती महिन्यातून एकदा बसते आणि ते गृहस्थ शुक्रवारी येणार आहेत. म्हणून इथेच लिहिलं आणि लिहिणार.

मालतीमावशी, मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मेघना बाळ, काकांवर केस नको गं करू. तुझे बाबा गेले त्या रात्री हॉस्पिटलात बसून कोण होतं, आठव. आईला त्या दिवशी कात्रजला डॉक्टरकडे नेलं तेही त्यांनीच, रिक्षा मिळत नव्हती म्हणून. पैसा येतो जातो. त्याच जिन्यात रोज समोरासमोर यायचंय आईला.

शिवाय चूक टेम्पोवाल्याची. नवा बोगदा ओलांडला की तो उतार कसा आहे, माझ्या भाच्याचीही गाडी तिथेच चेपली होती. अवजड गाड्या न्यूट्रलवर सोडतात आणि मग ब्रेक लागत नाहीत.

मावशी

नितीन, मंगळवार, रात्री ८:१५

मेघना, आधी मुखत्यारपत्राचं बघ, त्यालाच वेळ लागतो. इथे नोटरी, मग परराष्ट्र कार्यालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का. पुण्यात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा, नाहीतर दंड. माझं वारजेच्या फ्लॅटच्या वेळी याच्यातच अडकलं होतं, दोनदा करावं लागलं.

नितीन

मालतीमावशी, मंगळवार, रात्री ८:४०

नितीन, हे तीन महिने कधीपासून धरायचे, सही केल्यापासून की तिकडे पोचल्यापासून? माझं सदाशिव पेठेतलं अजून बहिणीकडे तसंच पडून आहे.

नितीन, मंगळवार, रात्री ८:५५

महाराष्ट्रात पहिल्यांदा पोचल्यापासून, मावशी. कुरियरचं पाकीट जपून ठेवायला सांगा, तारखेचा पुरावा तोच.

वैदेही, मंगळवार, रात्री १०:३०

नितीनची माहिती बरोबर आहे, पण इथे मुखत्यारपत्र लागतच नाही! अर्जदार मेघना नाही, आई आहे. ती धायरीत आहे, शुद्धीवर आहे, सही करते. वकीलपत्रावर तिने सही करायची, झालं.

मावशी, तुमचं म्हणणं मला कळतं. पण "काकांवर केस" या शब्दांनीच सगळं बिघडतं. पोलिसांत गुन्हा टेम्पोचालकावर आहे, काकांवर कोणी फौजदारी करत नाहीये. न्यायाधिकरणात काका जाबदेणार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे त्यांच्यापैकी एक, म्हणून येतील, त्यांच्या शेजारी त्यांची विमा कंपनी आणि टेम्पोवाले. पॅकेज पॉलिसी असेल तर पैसे कंपनी देते, काकांच्या खिशातून काही जात नाही.

मेघनाने मला फोनवर सांगितलंय की काकांनी सर्व्हिस रोड धरायला ऐनवेळी डावीकडे घेतलं आणि टेम्पो मागून आला. टेम्पोवाला म्हणणार, गाडी अचानक आडवी आली. आई तर मागच्या सीटवर बेल्ट लावून बसली होती, तिचा यात काडीचा दोष नाही. दोघांची मिळून चूक निघाली तर तिला पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येते, २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. म्हणजे फक्त टेम्पोवाल्यावर अर्ज केला तरी चालतं. पण उद्या न्यायाधिकरण म्हणालं की सगळी चूक काकांचीच, तर? तेव्हा काका आणि त्यांची कंपनी अर्जात नसतील तर आईच्या हाती काहीच येणार नाही. ही जोखीम आईने घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. मी घेतली नसती.

ॲक्ट ओन्ली निघाली तर गोष्ट खरंच अवघड होईल, कारण मग काकांचा वाटा काकांनाच भरावा लागेल. म्हणून म्हणते, कागद बघितल्याशिवाय या विषयावर कोणी आईशी बोलू नका.

वैदेही

सुनीलकाका, बुधवार, सकाळी ८:२०

वैदेही, तीन वर्षांचं मी चुकीचं लिहिलं, मान्य. बरं झालं तू दुरुस्त केलंस.

पण मेडिक्लेमने तीन लाख दिलेत ना? मग मागायचे ते वरचे एक लाख वीस हजारच. एका बिलाचे दोनदा पैसे कोण देणार?

वैदेही, बुधवार, दुपारी १२:४५

काका, हाच वाद आम्ही कंपनीच्या बाजूने वर्षानुवर्षं घातला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो आमच्या विरुद्ध निकालात काढला. मेडिक्लेम आईने स्वतःचे हप्ते भरून घेतलेला करार आहे, त्याचा फायदा टेम्पोवाल्याला का मिळावा? ती रक्कम वजा होत नाही.

आणि बिल हा तर क्लेमचा लहान भाग आहे. रात्रीची बाई, फिजिओ, रिक्षा, वेदना हे सगळं मागता येतं. खरा भाग डब्यांचा. जानेवारीपासून डबे बंद आहेत आणि पुढे किती तास ओट्याशी उभं राहता येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. पायाचं अपंगत्व वीस टक्के लिहिलं म्हणजे कमाईही वीसच टक्के घटली असं नसतं, २०१० पासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगतंय. कोणत्या कामाला तो पाय लागतो ते बघायचं. टेबलाशी बसून काम करणाऱ्याचा पाय वेगळा, पोळ्या लाटणारीचा वेगळा. पण ते सिद्ध करावं लागतं. अपंगत्वाचा दाखला, तो देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष, आणि कमाईचा कुठलाही कागद. हिशेबाच्या वह्या, गिऱ्हाइकांनी फोनवर पाठवलेले पैसे, किराण्याची बिलं. काही फेकू नका.

दादाने तपास अधिकाऱ्यांना भेटून एक विचारायचं: अपघाताचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का? २०२२ पासून पोलिसांना तो पाठवावाच लागतो. गेला असेल तर न्यायाधिकरण त्यालाच अर्ज धरू शकतं. तरी आपला स्वतंत्र अर्ज करायचाच. माझ्या भावाचा अपघात खोपोलीजवळ झाला, तेव्हा पोलिसांचे कागद रायगडातून यायला पाच महिने गेले. तो राहतो कोथरूडला, म्हणून अर्ज पुण्यात करता आला, नाहीतर प्लास्टर घातलेल्या पायाने त्याला तिकडे खेटे घालावे लागले असते.

वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर कोर्टातच आहे. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

प्रशांत (सचिव), बुधवार, दुपारी २:००

वैदेही, विधी सेवा प्राधिकरणाची माहिती समितीच्या पानावर टाकायला हवी. दोन ओळी लिहून पाठवाल का? नाव तुमचंच राहील.

मेघना, गुरुवार, सकाळी ६:५५

मंडळी,

काल रात्री दादा काकांकडे गेला होता. मी त्याला फक्त पॉलिसी मागायला सांगितलं होतं. काका स्वतःच म्हणाले, माझं नाव घाल, मी डावीकडे कसं घेतलं ते मीच कोर्टात सांगेन. चार महिने त्यांना आईच्या समोर यायला जमलं नव्हतं. मग दोघं आईकडे जाऊन बसले, चहा झाला.

कागद सापडला. ओन डॅमेजच्या रकान्यात आकडा आहे, मुदत ऑगस्टपर्यंत. काकूंच्या हाती लागला होता तो स्कूटरचा कागद. वैदेही, फोटो तुला पाठवलाय, तूही एकदा बघ.

विमा कंपनीच्या गृहस्थांना दादाने फोन करून सांगितलं, सही होणार नाही. वकिलांकडे शनिवारी अकराला जायचंय, काका गाडीऐवजी रिक्षाने सोबत येणार आहेत.

डब्यांच्या २०२३ पासूनच्या वह्या मिळाल्या. शेवटची अजून आई देत नाहीये. अकरा गिऱ्हाइकांचे जानेवारीचे पैसे यायचेत, ते आधी मिळू देत म्हणते. दादा आज तिच्यासमोर बसून पानापानाचे फोटो काढेल.

मेघना